पेनल्टीचा मान

बोरजाईवाडीचा फुटबॉल संघ हरण्यात इतका तरबेज होता की आसपासच्या गावांना त्याच्याशी खेळायला फार आवडायचं. ज्या संघाला बरेच दिवस यश आलेलं नाही त्यानं एकदा बोरजाईवाडीला जाऊन यावं, असा रिवाजच पडला होता. पाहुणे बैलगाडीनं यायचे, चार-पाच गोल मारायचे, आणि वर मटणाचा रस्सा ओरपून ढेकर देत परत जायचे. हरून वर जेवण घालणारी अशी उदार माणसं दुसरीकडं कुठं मिळायची?

सेहेचाळीस सालच्या दसऱ्यापासून पौष लागेपर्यंत सात सामने झाले. सातही आपल्या गायरानात, आणि सातही हरलेले. पहिल्या दोन सामन्यांना अख्खा गाव लोटला होता. नव्याचे नऊ दिवस सरले तशी माणसं गळाली आणि शेवटी बांधावर चार म्हातारे आणि आठ-दहा पोरं एवढंच राहिलं. एकही सामना न चुकवलेली मात्र एकच, नाथाजीची दहा वर्षांची पोर हरणा.

पोरीबाळींनी गायरानात जाऊन पुरुषांचा खेळ बघायची पद्धत नव्हती. म्हणून हरणा शेण गोळा करायला जायची. डोक्यावर पाटी असली की कुणी हटकत नसे. पाटी बांधावर आपटायची आणि चेंडू जिकडं जाईल तिकडं बांधावरून पळत सुटायचं. एका जागी बसून खेळ बघणं तिला जमलंच नाही. परकराचा काठ दातांत धरून ती इकडून तिकडं आणि तिकडून इकडं अशी धावायची, आणि संध्याकाळी अर्धी पाटी शेण घेऊन घरी आल्यावर आईच्या शिव्या खायची. पुढं लेकीसुना आल्यावरही हरणाबाई ही गोष्ट सांगायला लागली की तिला बसवायचं नाही. उठायची, उंबऱ्यापर्यंत जायची, परत यायची, मग पुढचं वाक्य.

तिचा जीव त्या चेंडूत अडकला होता, कारण त्या चेंडूत तिच्या भावाचा जीव अडकला होता.

आकाराम तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. बेचाळीस साली तो घरात कुणाला न सांगता पलटणीत भरती झाला. बाप नांगर धरून शेतात वाट बघत राहिला आणि पोरगा रेल्वेत बसून गेला. लढाई संपली, चार वर्षांनी पलटणीतून त्याचं नाव कमी झालं आणि तो परत आला, तो एक लोखंडी ट्रंक, एक शिट्टी आणि एक चामड्याचा फुटबॉल घेऊन. आईनं त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. नाथाजीनं मात्र तोंड फिरवलं. त्या दिवसापासून बापलेकांत सरळ बोलणं नव्हतं. "त्याला सांग, उसाला पानी पाजायचंय," असं नाथाजी भिंतीकडं बघून म्हणायचा, आणि आकाराम शेजारीच उभा असायचा.

आकारामचं काही खरं नव्हतं. जेवायला बसला तर अर्ध्यातून उठायचा. विहिरीवर गेला तर विहिरीभोवती फेऱ्या मारत राहायचा. इटलीत त्यानं काय बघितलं ते त्यानं कधी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्याची आई साळूबाई हरणाला म्हणायची, "पोरगं आलंय खरं, पन अजून टेकलं न्हाई गं."

टेकला तो एकाच गोष्टीपाशी. गावातली पोरं गोळा करून त्यानं संघ उभा केला. गायरानात चार बांबू रोवले, त्यांच्यावरून काथ्याचा दोर ताणला, राखेनं रेघा आखल्या. बूट एकाच्याही पायात नव्हते, अपवाद पाटलाच्या पोराचा, आणि तो बूट जपायचा म्हणून चेंडूजवळ जात नसे. खेळणारा खरा एकच होता, कुतुबुद्दीन मुलाण्याचा निजाम. हडकुळा, बुटका, पण पायात काय जादू होती कोण जाणे. दोन बांबूंच्या मधला पाहिजे तो कोपरा सांगा, चेंडू तिथंच. आकाराम स्वतः मागं खेळायचा. त्याची लाथ जबर, पण चेंडू कुठं जाईल ते देवालाही ठाऊक नसायचं.

दर पराभवानंतर आकाराम घरी यायचा, घंगाळातल्या पाण्यानं पाय धुवायचा आणि हरणाला म्हणायचा, "पुढच्या टायमाला बघ." आणि पोटभर जेवायचा. हरल्यावरसुद्धा त्या दिवशी तो जेवायचा. हरणाला तेवढं पुरे होतं.

पण बाळासो पाटलाला पुरे होईना. गायरानाशेजारीच त्याचा ऊस. त्याला तिथं गुऱ्हाळ मांडायचं होतं. पौषात एक दिवस त्यानं आकारामला चावडीवर बोलवून सांगितलं, "संक्रांतीच्या आत एक तरी जिंकून दावा. न्हाईतर बांबू उपटायचे. गावाची लय शोभा झाली."

आकाराम घरी येऊन आईला म्हणाला, "बांबू उपटले तर मी बी उठलो. परत पलटनीत जातो. हितं माझ्याच्यानं नुसतं बसवत न्हाई."

साळूबाईनं चुलीत नसलेला जाळ फुंकला. हरणा दाराआड उभी होती. आता एक सामना उरला होता, कुंडलच्या संघाशी. तो जिंकला तर दादा राहणार, हरला तर दादा जाणार. इतकं सरळ गणित होतं, आणि ते डोक्यात घेऊन तिला तीन दिवस काढायचे होते. ती जात्यावर बसली की दळण अर्धवट टाकून गायरानात बांबू आहेत का ते बघून यायची.

आता या गावानं पेनल्टीचं काय करून ठेवलं होतं ते सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खात होतं.

तिसऱ्या सामन्यात, रहिमतपूरशी खेळताना, पहिल्यांदाच आपल्याला पेनल्टी मिळाली. पंच म्हणून आलेल्या मास्तरांनी शिट्टी मारली, चेंडू राखेच्या ठिपक्यावर ठेवला. आकारामनं निजामला खूण केली. तेवढ्यात बांधावरचे म्हातारे उठले.

"थांबा! ह्यो मान कुनाचा?"

मास्तरांना कळेना. त्यांनी सांगून बघितलं की कुणीही मारा. पण गावाला ते पटेना. सगळे जागच्या जागी उभे, समोर फक्त एकटा राखणदार, आणि एकच माणूस पुढं होऊन मारणार. सगळा गाव बघणार. अशी गोष्ट कुणीही कशी करेल? होळीत पहिली पोळी कुणीही टाकतो का? बेंदराला वेशीतून पहिला बैल कुणीही नेतो का? पहिला मान पाटलाच्या घराचा. झालं. पाटलाचा पोरगा बूट सांभाळत पुढं आला आणि त्यानं चेंडू असा मारला की तो बाभळीत अडकला. काढायला अर्धा तास गेला.

सहाव्या सामन्यात, विट्याशी खेळताना, दुसरी पेनल्टी मिळाली. तवर चावडीवर ठरलं होतं की बेंदराच्या मिरवणुकीचाच क्रम इथंही लावायचा. पाटलामागं नानासोचं घर. नानासोच्या पुतण्यानं पाया पडून, चेंडूला हात लावून नमस्कार करून तो इतका अलगद ढकलला की विट्याच्या राखणदारानं वाकून उचलून घेतला. निजाम दोन्ही वेळेला बाजूला उभा राहून पायानं माती उकरत होता. त्याचा बाप कुतुबुद्दीन त्याला म्हणाला, "जत्रंचं पयलं बकरं आपुन कापतो, त्यो आपला मान. दुसऱ्याच्या मानात पाय घालू नगंस."

तिसरा मान कुणाचा यावरून मात्र नाथाजी पेटून उठला. ह्याला कारण जुनं होतं. नाथाजीच्या बापाच्या काळात बेंदराला पाटलामागं दुसरी जोडी यांचीच असायची. एका वर्षी बेंदूर चार दिवसांवर असताना यांचा बैल मेला. जोडी मोडली. त्या साली नानासोच्या घराची जोडी पुढं झाली आणि पुढच्या साली यांनी नवा बैल आणला तरी ती आणि तिच्यामागनं पुढं सरकलेल्या बाकीच्या जोड्या मागं सरल्या नाहीत. तेव्हापासून तीस वर्षं नाथाजीचं घर मिरवणुकीत नवव्या नंबराला, धुळीत. नाथाजी हे दर बेंदराला सांगायचा, आणि जेवताना, आणि पाहुणे आले की त्यांनाही.

कुंडलच्या सामन्याच्या आदल्या दिवशी तो चावडीवर गेला. फुटबॉल म्हणजे काय हे त्यानं एकदाही बघितलं नव्हतं, पण तिसरी पेनल्टी माझ्या घराची, एवढं तो दोन तास बोलला. शेवटी पाटील कंटाळून म्हणाला, "घे बाबा, तुजा. मिळाली तर."

नाथाजी घरी आला तो उडत. साळूबाईला म्हणाला, "शिरा कर." आणि मग, चार वर्षं आणि सात महिन्यांनी, तो भिंतीकडं न बघता पोराकडं बघून बोलला, "नीट मार, आकाराम."

आकाराम तोंडात घास तसाच धरून बसला. साळूबाईच्या डोळ्याला धार लागली. हरणाला तर नाचावंसं वाटलं. त्या रात्री घरातली चारही माणसं एकमेकांशी बोलली, आणि तिला वाटलं, आता फक्त जिंकायचं राहिलं.

कुंडलचा सामना भोगीच्या आदल्या दिवशी झाला. बांबू राहणार की जाणार याचा निकाल म्हणून गाव पुन्हा लोटला. नाथाजी नवा फेटा बांधून आला आणि पाटलाच्या उजव्या हाताला उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदाच. हरणानं पाटी टाकली आणि पळायला सुरुवात केली.

पहिल्या अर्ध्यात कुंडलनं एक गोल घातला. गावानं सुस्कारा सोडला, सवयीचाच होता. दुसऱ्या अर्ध्यात निजामनं तिघांच्या मधून चेंडू काढला आणि काय झालं ते कुणाला कळायच्या आत काथ्याचा दोर हलला. एक-एक. गाव असा ओरडला की बांधावरची शेरडं दावं तोडून पळाली. बरोबरी चालणार नव्हती. पाटलानं जिंका म्हटलं होतं. ऊन उतरायला लागलं, मास्तर सारखे मनगटावरच्या घड्याळाकडं बघायला लागले, आणि ती बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत मनात नुसतं म्हणत होती, एक घाला, एकच घाला.

तेवढ्यात बांबूंसमोर गर्दी झाली आणि कुंडलच्या एका पोरानं घाबरून चेंडू हातानं अडवला.

शिट्टी वाजली.

"नाथाजीचा मान!" बांधावरून कुणीतरी आरोळी ठोकली, आणि मग सगळ्यांनीच. नाथाजीनं फेट्याचा शेमला सारखा केला. आकाराम मागच्या बांबूंपासून अख्खं गायरान चालत पुढं आला. त्याच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. चेंडू उचलून त्यानं दोन्ही हातांत धरला आणि बापाकडं बघितलं. नाथाजी ताठ उभा होता, मिरवणुकीत उभं राहावं तसा.

आकाराम चेंडू ठिपक्यावर ठेवायला वाकला, आणि पुन्हा उभा राहिला. निजाम पाच पावलांवर मान खाली घालून उभा होता. सगळा गाव गप्प झाला.

हरणाला आकारामची लाथ ठाऊक होती. त्या लाथेनं चेंडू बाभळीत जाईल, उसात जाईल, कृष्णेत जाईल. दोन बांबूंच्या मध्ये जायचा नाही. आणि गेला नाही तर उद्या बांबू उपटणार, आणि परवा दादा जाणार. तिला बापाचा फेटा दिसत होता. बेंदराची गोष्ट तिला पाठ होती. पण तिला दादा पाहिजे होता. तिच्या तोंडून शब्द सुटले ते तिनं ठरवून काढलेले नव्हते.

"दादा, निजामदादाला दे! त्योच घालंल!"

एवढ्या शांततेत ती पोरीची किनरी हाक गायरानाच्या त्या टोकापर्यंत गेली. शे-दोनशे माना वळल्या. आकारामनंही बघितलं. आणि तो हसला. लढाईवरून आल्यापासून हरणानं त्याला असं मोकळं हसताना बघितलं नव्हतं. त्यानं चेंडू निजामच्या हातात दिला.

"आकाराम, आरं तुज्या आबाचा मान हाय ह्यो," निजाम कसाबसा म्हणाला. "मला नगं."

"मार गड्या. मी सांगतोय न्हवं."

निजामनं बापाला बघायला मान वळवली नाही. दोन पावलं मागं सरला आणि मारला. डाव्या बांबूच्या आतून, गुडघाभर उंचीवरून. कुंडलचा राखणदार उजवीकडं पडला होता.

मग जे झालं ते गावानं कधी केलं नव्हतं. निजामला खांद्यावर घेतलं, गुलाल नव्हता तर हळद उधळली. पाटील स्वतः म्हणाला, "ऱ्हाऊ द्या बांबू. गुऱ्हाळ वड्याकडंला मांडू." हरणा ओरडत, पडत, उठत गर्दीत घुसली आणि भावाच्या कमरेला मिठी मारून बसली. "ऱ्हायलास! दादा, तू ऱ्हायलास!" आकारामनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तो बांधाकडं बघत होता. पाटलाच्या उजव्या हाताची जागा रिकामी होती.

घरी नाथाजी सोप्यात बसला होता. फेटा उतरवून खुंटीला लावलेला. आकाराम दारात पाय धुवायला वाकला तसा तो म्हणाला, "धुवू नगंस. आत यायचं न्हाई."

"आवं, असं काय बोलताय? जिंकून आलंय पोरगं," साळूबाई म्हणाली.

"बेंदराचा मान बैलापायी गेला," नाथाजी म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "जनावर हुतं, मेलं. त्याला बोल लावता येत न्हाई. ह्यो मान मी तीस वर्सांनी घरात आनला, आनि ह्यानं जित्ता असून सगळ्या गावादेखत दुसऱ्याच्या हातात दिला. माज्या घरात ह्याचं ताट न्हाई."

"आबा, मी मारला असता तर हरलो असतो," आकाराम म्हणाला.

"हरला असतास तर हरला असतास. सात येळा हरलास, मी काय बोललो व्हय?"

हरणा पुढं झाली. "आबा, मी वरडले. दादाचा दोष न्हाई. मीच म्हनले निजामदादाला दे." तिला वाटलं बाप उठून मुस्काटात देईल, ते तिला चाललं असतं. नाथाजीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोरीच्या शब्दाला मान देण्याघेण्याच्या कामात जागा नव्हती. तो उठून गोठ्यात गेला आणि साळूबाईनं पाय धरले तरी परत आला नाही.

भोगीच्या सकाळी आकाराम ट्रंक खांद्यावर टाकून स्टेशनच्या वाटेला लागला. आईनं तिळाची भाकरी फडक्यात बांधून दिली आणि चुलीपाशी जाऊन बसली. हरणा त्याच्यामागून चालत होती. चालत कसली, पळत होती, कारण तो लांब ढांगा टाकत होता.

"दादा, बांबू तर ऱ्हायलं की! मग कशापायी जातूस? पाटील म्हनला न्हवं ऱ्हाऊ द्या म्हनून!"

"व्हय. बांबू ऱ्हायलं."

"मी गप बसले असते तर? दादा, मी वरडलेच नसते तर?"

आकारामनं ट्रंक एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. तेवढ्यापुरती असती तर बरं झालं असतं.

"तर मी मारला असता," तो म्हणाला. "चेंडू गेला असता उसात. आबा म्हनला असता, मारला आपल्याच पोरानं. बांबू उपटल्यावर बी आबानं मला जाऊ दिलं नसतं, हरणे. परवाच्याला तो माज्याशी बोलला हुता."

मग तिचं तोंड बघून तो चटकन म्हणाला, "पन तू बरोबर वरडलीस. फुटबॉल तसाच खेळत्यात." आणि तिला ओढ्यापासून परत पाठवलं. ती परत गेली नाही. गाडीची शिट्टी ऐकू येईपर्यंत ती ओढ्याच्या काठावर येरझाऱ्या घालत राहिली.

संघ काही बंद पडला नाही. उलट आता गावाला भूक लागली. निजाम संघाचा म्होरक्या झाला, चावडीवर ठरलं की पेनल्टी ज्याला घालता येते त्यानंच मारायची, आणि ते ठरवताना जणू पहिल्यापासून आपलं हेच मत होतं अशा थाटात म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. नाथाजी त्या बैठकीला गेला नाही. महाशिवरात्रीनंतर रहिमतपूरचा संघ पुन्हा आला, मागचे चार गोल आठवून हसत हसत.

हरणा पाटी घेऊन बांधावर गेली. आज ती पळाली नाही. तिनं महिनाभर एक हिशेब मनात घोळवला होता. संघ हरत होता तवर दादा होता. हरला की घरी यायचा, पाय धुवायचा, पुढच्या टायमाला बघ म्हणायचा. जिंकला आणि गेला. म्हणजे आता पुन्हा हरायला लागले तर निजामदादा पत्र धाडेल, आकाराम, तुझ्यावाचून चालत नाही, ये. आणि तो येईल. संघासाठी तरी येईल. ती परकराचा काठ दातांत घट्ट धरून बसली आणि जन्मात पहिल्यांदा तिनं आपल्या संघासाठी वेगळंच मागितलं. हरा. बोरजाईमाते, एवढा एक डाव हरू दे त्यांना.

ते तीन गोलांनी जिंकले. तिसरा निजामनं पेनल्टीवर घातला, त्याच डाव्या कोपऱ्यात. गाव नाचायला लागला, पोरं बांधावरून उड्या टाकत गायरानात धावली, आणि हरणा आहे तिथंच गुडघ्यात डोकं घालून हमसून हमसून रडायला लागली. शेजारची रंगुबाई तिच्या पाठीवर हात फिरवत पलीकडच्या बाईला कौतुकानं म्हणाली, "लय जीव हाय बघा पोरीचा संघावर. जिंकल्याच्या आनंदानं रडतीया."